सेकंडहँड सिंथ घेतला, हातात आला नुसता पासवर्ड

साडेसहा हजार गेले. स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळलो, हे आधीच कबूल करतो.

पुण्यात घरच्याच एका खोलीत मी मंडळांची गाणी, जिंगल्स असली कामं करतो. रोलँडच्या जुनो-१०६ च्या आवाजावर माझा फार जीव. १९८४ चा सिंथ, म्हणजे विजेवर नाद घडवणारा कीबोर्ड तो. आता त्यातल्या आवाजाच्या चिप्स एकेक करून दगा देतात, शिवाय तेवढी ऐपतही नाही. पण त्याचे सहा व्हॉइस (एका वेळी वाजणारे सूर), आवाज उजळ-मंद करणारा फिल्टर आणि आवाज रुंद करणारा तो कोरस यांचं गणित मांडून कॉम्प्युटरवर तसाच नाद काढणारे व्हर्च्युअल ॲनालॉग प्लगइन, म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचे प्रोग्रॅम, मिळतात. त्यातला एक मला हवा होता. नाव लिहीत नाही, बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही. नवा घ्यायचा तर जवळपास दुप्पट पैसे.

एका ग्रुपवर जाहिरात दिसली: ओरिजिनल लायसन्स, कायमचं. माणूस गोड बोलायचा. "दादा, आधी वाजवून बघा, मग पैसे द्या." रिमोटने त्यानेच इन्स्टॉल करून दिलं. मी एक पॅड, म्हणजे लांब रेंगाळणारा मऊ आवाज, धरला, फिल्टरचा कटऑफ हळूहळू उघडत नेला, आणि तिथेच विरघळलो. यूपीआयने पैसे टाकले. त्याने कंपनीच्या साइटवरच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड पाठवला. "नाव बदलायची भानगड नको, त्याची फी पडते."

लायसन्स विकणं म्हणजे पासवर्ड देणं नव्हे, एवढं तेव्हा सुचलं नाही. जिथे विकायला परवानगी असते, तिथे विकणारा कंपनीला कळवतो, कंपनी ते घेणाऱ्याच्या नावावर करते आणि तसा मेल आपल्याला येतो. काही कंपन्या परवानगीच देत नाहीत. विद्यार्थी सवलतीत घेतलेली किंवा एखाद्या कीबोर्डबरोबर फुकट आलेली प्रतही बहुधा विकता येत नाही. कहर म्हणजे प्लगइनच्या माहितीच्या चौकटीत जे नाव होतं ते त्या विक्रेत्याचंसुद्धा नव्हतं, तिसऱ्याच कुणाचं होतं. मी ते दोन महिने बघत होतो.

गणपतीला आठ दिवस असताना प्रोजेक्ट उघडला तर पाच ट्रॅक मुके. प्लगइन ॲक्टिव्हेशन मागत बसलेला. मिडीचे, म्हणजे कुठली पट्टी कधी दाबली याच्या नोंदीतले, सूर सगळे जागच्या जागी, पण फिल्टर किती उघडा, रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरणं) किती लांब हे सगळं प्लगइनच्या पोटात. दुसऱ्या सिंथला ते वाचता येत नाही. एकही ट्रॅक ऑडिओत बाउन्स करून, म्हणजे तयार आवाजाची फाइल करून, ठेवला नव्हता. आळस, दुसरं काय!

कंपनीचं उत्तर सभ्य होतं: या लायसन्सवर बऱ्याच जणांची ॲक्टिव्हेशन्स दिसली म्हणून ते बंद केलंय, आणि आमच्याकडे तुमचं नाव कुठेच नाही. विक्रेत्याचा फोन बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचा नंबर दिला. पण तिथे लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. मी दोन महिन्यांनी केला.

मंडळाचं गाणं सर्ज एक्सटी नावाच्या दुसऱ्या सिंथ प्लगइनवर पुन्हा उभं केलं. तो फुकट आहे, आणि मूळ सर्ज २०१८ पासून ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. पॅड बऱ्यापैकी जमला, बेस काही केल्या नाही.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. स्क्रीनशॉट तोच, किंमत आता पाच हजार.