इलेक्ट्रोडायनॅमिक्स: फिजिक्सवाल्यांचा कोर्स घ्यावा की इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा?

टीवायला फिजिक्स आहे, पुढे एमएस्सी करायची की कम्युनिकेशनकडे वळायचं हे अजून ठरलेलं नाही, आणि कॉलेजच्या जोडीला एनपीटेलवर (आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर) विद्युतचुंबकत्वाचा एक भक्कम कोर्स करायचा आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. तिथे दोन्ही घराण्यांचे कोर्स मिळतात: फिजिक्सचा ‘इलेक्ट्रोडायनॅमिक्स’ आणि इलेक्ट्रॉनिक्सचा ‘फील्ड्स अँड वेव्हज’. लोकलचा प्रवास, प्रॅक्टिकल्स आणि जर्नल सांभाळून एका सत्रात दोन्ही होत नाहीत. मी ते पाठोपाठ केले. गाउसचा नियम, डायव्हर्जन्स, कर्ल तुम्हाला येतं असं धरून चालतो.

समीकरणं दोन्हीकडे मॅक्सवेलचीच. फरक पहिल्यांदा जाणवतो तो जोडी कुणाची लावतात यात. फिजिक्सवाले ई (विद्युतक्षेत्र) आणि बी (चुंबकीय क्षेत्र) एकत्र घेतात, इलेक्ट्रॉनिक्सवाले ई आणि एच (चुंबकीय क्षेत्राचंच दुसरं माप). निर्वातातल्या लहरीत ई भागिले बी केलं की प्रकाशाचा वेग मिळतो. ई भागिले एच केलं की मिळतात ३७७ ओहम. रिकाम्या जागेलाही ओहममध्ये मोजता येणारा इम्पिडन्स (एसीला होणारा रोध) असतो हे ऐकून मी लेक्चर थांबवून पुन्हा लावलं होतं. पुढे केबल, वेव्हगाइड, अँटेना हे सगळं त्या एका कल्पनेवर उभं राहतं.

आणि या कोर्समध्ये आकडे असतात, ही त्याची फार मोठी बाजू. ५० ओहमच्या केबलला ७५ ओहमची केबल जोडली तर २० टक्के व्होल्टेज परत फिरतं, म्हणजे ४ टक्के पॉवर. तांब्यात ५० हर्ट्झची लहर साधारण ९ मिलिमीटर आत शिरते, १ गिगाहर्ट्झची जेमतेम २ मायक्रॉन. आपल्या लोकलच्या ओव्हरहेड तारेत आज २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ एसी आहे (१९२५ साली सुरुवात झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर). ५० हर्ट्झची तरंगलांबी ६००० किलोमीटर. चर्चगेट ते विरार हे ६० किलोमीटर म्हणजे तिचा एक शतांश, म्हणून त्या तारेसाठी बारावीचे सर्किटचे नियम बऱ्याच अंशी पुरतात. हे असं भान इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स पहिल्या काही आठवड्यांतच देतो. लॅमिंग्टन रोडवरून २० मीटर कोअॅक्सिअल केबल आणून कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर पल्स सोडून पाहिला: साधारण २०० नॅनोसेकंदांनी तो परत येतो, टोक उघडं असेल तर सुलट, शॉर्ट केलं तर उलटा. फिजिक्सच्या कोर्सने मला असं काही करायला लावलं नाही.

तरीही माझा कल तिकडे गेला नाही, आणि त्याचं कारण एकच आहे: फेजर.

फेजर म्हणजे एकाच वारंवारतेची लहर एका कॉम्प्लेक्स आकड्यात मांडणं. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्समध्ये लवकरच प्रत्येक फील्ड ‘ई टू द पॉवर जे ओमेगा टी’ होऊन जातं (इथला ई फील्ड नव्हे, घातांकी फलनातला आकडा; जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, फिजिक्सवाल्यांचा आय). कालाचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे जे-ओमेगाने गुणणं. गणित झटकन सुटतं, पण काळ पानावरून पुसला जातो. स्रोत अनादी काळापासून चालू आहे आणि कायम चालू राहणार, असं गृहीत धरलेलं असतं. इथे चार्ज हलवला तर तिथे ते कधी कळतं, हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न त्या चौकटीत कुणी विचारतच नाही. उशीर असतो, पण तो फेजमध्ये मुरून गेलेला. ट्रान्समिशन लाइनच्या बाउन्स डायग्राममध्ये (पल्स केबलमध्ये कधी कुठे असतो याच्या आकृतीत) तेवढा काळ परत दिसतो, आणि त्या कोर्समधला तो भाग मला सर्वांत आवडला, यात नवल नाही.

फिजिक्सच्या कोर्समध्ये हा प्रश्न गाभ्याशी आहे. एकसमान वेगाने जाणाऱ्या चार्जचं फील्ड तो आत्ता जिथे आहे त्या बिंदूपासून निघाल्यासारखं दिसतं, खरं तर बातमी जुन्या जागेवरून निघालेली असते. आता तो चार्ज एकदम थांबवा. प्रकाश जिथवर पोहोचला त्या गोलाच्या बाहेर रेषा अजून त्या जागेकडे बोट दाखवतात, जिथे तो न थांबता पोहोचला असता. गोलाच्या आत त्या थांबलेल्या जागेकडे वळलेल्या. मधल्या पातळ कवचात दोन्ही रेषा जोडायच्या तर त्यांना आडवं वळावं लागतं, आणि ती आडवी मोड प्रकाशाच्या वेगाने बाहेर सरकत राहते. तेच रेडिएशन. लार्मोरचं १८९७चं सूत्र, लिएनार (१८९८) आणि वीखर्ट (१९००) यांची पोटेन्शियल्स ही याच चित्राची गणिती बाजू. अँटेना मला खऱ्या अर्थाने इथे कळला. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्समधल्या अँटेनाच्या धड्यात मी फक्त त्याचे पॅटर्न काढायला शिकलो होतो.

या कोर्सचे तोटेही आहेत. सुरुवातीचे बरेच आठवडे गोल, सिलिंडर आणि लेजांद्र पॉलिनॉमियल्समध्ये जातात, उत्तरं सगळी चिन्हांत, आणि धीर सुटू शकतो. ज्याला वर्षभरात आरएफच्या (रेडिओ-लहरींच्या) नोकरीत बसायचं आहे किंवा गेटचा ईसी पेपर द्यायचा आहे, त्याने बहुधा इलेक्ट्रॉनिक्सचाच घ्यावा. जॅम, नेट किंवा गेटचा फिजिक्स पेपर देणाऱ्यांना फिजिक्सचा घेण्यावाचून फारसा पर्याय नाही. न ठरलेल्यांना मी फिजिक्सचाच सुचवेन. फेजर नंतर स्वतःहून थोड्या दिवसांत शिकता येतात. काळासकट विचार करायची सवय मला तरी एकट्याने लागली नसती.

दोन्हीच्या नोट्स शेजारी ठेवून वाचणार असाल तर एक सांभाळा: फिजिक्सवाले बहुतेक वेळा ‘उणे आय ओमेगा टी’ लिहितात, इलेक्ट्रॉनिक्सवाले ‘अधिक जे ओमेगा टी’. जे दिसला की उणे आय घाला, नाहीतर धातूत विरायला हवी ती लहर कागदावर वाढत जाते.

आणि फिजिक्सचे सगळे कोर्स सारखे नसतात. नाव नोंदवण्याआधी आठवड्यांचा आराखडा उघडून शेवटचे तीन-चार आठवडे वाचा. रिटार्डेड पोटेन्शियल (बातमी पोहोचायला लागणारा उशीर धरून काढलेलं पोटेन्शियल) आणि हलत्या चार्जचं रेडिएशन तिथे नसेल, कोर्स लहरींच्या परावर्तनापाशीच संपत असेल, तर तो सोडून दुसऱ्या प्राध्यापकांचा बघा.