एमबीबीआर, एसबीआर की एमबीआर? सोसायटीच्या एसटीपीसाठी काय घ्यावं

एसटीपी म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट; एमबीबीआर, एसबीआर आणि एमबीआर या त्याच्या तीन पद्धती. प्लँटवाले आपल्याकडे येतात तेव्हा प्रत्येकाच्या बाटलीतलं पाणी नितळच असतं. त्यावरून काही ठरवू नका. आधी दोन गोष्टी पक्क्या करा: शुद्ध झालेलं पाणी वापरायचं कशाला, आणि प्लँट रोज चालवणार कोण?

पाणी फक्त बागेला जाणार असेल तर एमबीबीआर पुरतो. टाकीत प्लॅस्टिकच्या चकत्या हवेच्या जोरावर फिरत राहतात आणि त्यांच्यावर साचलेला जिवाणूंचा थर घाण खातो. गाळ परत फिरवायची कटकट नाही, त्यामुळे ऑपरेटर थोडा कच्चा असला तरी निभावतं. पाण्यात उरलेलं नायट्रोजन झाडांना चालतंच. मात्र पुढे सेटलिंग (गाळ निवळण्याची टाकी), वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर अशी सगळी रांग लागते आणि बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं) टाळला की पाणी गढूळ येऊ लागतं.

एसबीआरमध्ये एकच टाकी सगळं करते: भरायची, हवा द्यायची, निवळू द्यायची, वरचं पाणी काढून घ्यायचं. एक फेरी साधारण 4 ते 6 तासांची. कल्पना नवी नाही. आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरमध्ये 1914 साली जाहीर केलेले प्रयोग असेच भरा-निवळा-काढा पद्धतीचे होते. निम्मे फ्लॅट अजून रिकामे असतील तर मला हाच पर्याय बरा वाटतो, कारण फेऱ्यांच्या वेळा बदलता येतात. पण सगळी भिस्त पीएलसीवर (फेऱ्या आपोआप चालवणारा कंट्रोलर) आणि डिकँटरवर (वरचं पाणी काढून घेणारं यंत्र). ऑपरेटरला एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवून बघता आलं पाहिजे. चॉकलेटी गाळ खाली बसून वर स्वच्छ पाणी राहिलं तर ठीक. गाळ कापसासारखा फुगून वर तरंगत असेल तर डिकँटर तोही बाहेर काढणार, आणि तो थेट फिल्टरवर जाऊन बसणार.

एमबीआरचं पाणी तिघांत सरस, यात वाद नाही. यात पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, गाळून घेतात. तिची छिद्रं साधारण 0.04 ते 0.4 मायक्रॉनची, त्यामुळे निवळण्याची टाकी लागत नाही. टाकीत गाळही बराच दाट ठेवता येतो, साध्या पद्धतीत 3000-4000 तर इथे 8000-12000 मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणून जागा कमी लागते. त्याची किंमत विजेत मोजावी लागते, कारण मेम्ब्रेनवर सतत हवा मारावी लागते. केस आणि तेलकटपणा हे तिचे शत्रू, म्हणून आधी बारीक जाळी हवीच. हायपोक्लोराइट आणि सायट्रिक ॲसिडची धुलाई नेमाने करावी लागते, आणि काही वर्षांनी मेम्ब्रेन बदलायची म्हणजे तो निधी पहिल्या दिवसापासून बाजूला काढायला हवा.

फ्लशसाठी पाणी वापरायचं असेल तर माझं मत एमबीआरला. तिथे पिवळसर झाक किंवा जरासा वासही रहिवासी खपवून घेत नाहीत. पण इमारतीत फ्लशची वेगळी पाइपलाइन नसेल तर हा खर्च वायाच. विरघळलेले क्षार मात्र यांतला एकही काढत नाही, त्यामुळे एसीच्या कूलिंग टॉवरचा विचार असेल तर त्याचा हिशेब वेगळा.

कोटेशन घेताना ब्लोअर (टाकीत हवा मारणारं यंत्र) जनरेटरवर आहे का ते विचारा. काही तास हवा बंद राहिली तरी वास सुटतो. आणि चालू प्लँट बघायला जाल तर तो काही वर्षं चाललेला असावा, नि सकाळच्या अंघोळीच्या वेळी जा. पाण्याचा लोंढा तेव्हाच येतो.