रेपोवालं गृहकर्ज आणि नवी करप्रणाली : एकत्र वापरल्यानंतरचा अनुभव

लिहायला बसलोय ते ९०० रुपयांमुळे.

गृहकर्जाचा व्याजदर कमी करून देण्यासाठी बँकेनं माझ्याकडून ५,००० रुपये शुल्क घेतलं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हे ९००. व्याजापोटी आजवर किती लाख गेले ते पुढे येईलच, त्याचं आता काही वाटेनासं झालंय. ९०० मात्र डोक्यातून जात नाहीत. जास्त व्याज कापताय ते कमी करा म्हणून मीच अर्ज करायचा, अर्जाचे पैसे मीच द्यायचे आणि त्यावर सरकारला वाटा. यात सरकारनं नेमकं काय केलं, असं मी शाखेत विचारलं. समोरची मुलगी बिचारी म्हणाली, "सर, ते सिस्टिमच घेते." सिस्टिम घेते यावर आमचं एकमत आहे.

प्राथमिक माहिती थोडक्यात, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हेच चालू असणार. पुणे, सिंहगड रोड, टू बीएचके, किंमत ५५ लाख, कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं, ऑक्टोबर २०२१. दर रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो) अधिक २.७०. तेव्हा रेपो ४ टक्के होता, म्हणून ६.७० टक्के. हप्ता ३०,२९६. कर्ज इतकं स्वस्त पुन्हा मिळणार नाही असं सगळे सांगत होते आणि ते शब्दशः खरं ठरलं.

इमारत तयार होती, फक्त भोगवटा पत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) यायचं होतं. ते यायच्या आत करार केला म्हणून ५ टक्के जीएसटी, २ लाख ७५ हजार. पत्र आल्यावर घेतलं असतं तर शून्य. पण तोवर बिल्डर भाव वाढवणार होता, त्यामुळे तो विषय तिथेच सोडला. १ टक्केवाला जीएसटी ४५ लाखांच्या आतल्या घराला. व्याजावर दीड लाखाची जादा वजावट होती, तीही ४५ लाखांच्या आतल्याच घराला. पुण्यात हद्दीच्या आत ४५ लाखांत कुटुंबाला पुरेल असं काय मिळतं ते ज्यांनी फिरून पाहिलंय त्यांना सांगायला नको.

पहिले सहा-सात महिने उत्तम. हप्त्यातले आठेक हजार मुद्दलात जायचे. मे २०२२ पासून रेपो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० वर जाऊन बसला. माझा दर ९.२०. हप्ता मात्र तोच! मी खूश होतो. बँक बरी आहे, हप्ता वाढवला नाही, असं घरीही सांगितलं. मग एकदा सहज खात्याचा उतारा उघडला. ३०,२९६ मधले मुद्दलात जात होते तीन-चारशे रुपये. बाकी सगळं व्याज. त्या गतीनं कर्ज फिटायला जवळजवळ ५० वर्षं लागली असती.

उताऱ्यात 'शिल्लक हप्ते' नावाचा एक रकाना असतो. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर तो रकाना बघा. दर चढला की बँक हप्त्याला हात लावत नाही, मुदत ताणते. खिशाला लगेच कळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं : दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा, शिवाय निश्चित दरावर जाण्याचा पर्याय द्या. माझ्या बँकेनं विचारलं म्हणजे एक एसएमएस पाठवला, त्यातली लिंक उघडत नव्हती. शाखेत गेलो तोवर ठरलं होतं : हप्ता ३१,९५० आणि मुदत तिथून पुढे ३० वर्षं. मूळ मुदतीत फेडायचं तर हप्ता ३६,६०० च्या आसपास जात होता. त्या वर्षी मुलीचा शाळाप्रवेश होता, ३१,९५० वर सही केली.

आता कराकडे. इथे माझं मत मध्यंतरी बदललंय, म्हणून आधी जुनं मत.

आयकराच्या दोन प्रणाली आहेत, त्यातली एक निवडायची : जुन्या प्रणालीत वजावटी मिळतात, नव्या प्रणालीत दर कमी पण वजावटी जवळजवळ नाहीत. स्वतः राहत्या घराच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. ही २ लाखांची मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पातली. त्याआधी दीड लाख होती. ८०सी ची (ठरावीक बचत आणि खर्चांवरच्या वजावटीची) दीड लाखाची मर्यादाही त्याच अर्थसंकल्पातली. त्यानंतर दोन्ही जागच्या हललेल्या नाहीत. २०१४ मध्ये सिंहगड रोडला घर काय भावानं मिळत होतं ते आठवून बघा. ९.२० च्या दरानं माझं वर्षाचं व्याज साडेतीन लाखांवर गेलं होतं. म्हणजे दीड लाखाचं व्याज मी करकपात झालेल्या पगारातून भरत होतो. ८०सी चं तर हसूच येतं. त्यात मुद्दल, पीएफ, आयुर्विमा, शाळेची फी, सगळं एकाच पिशवीत. माझ्या पीएफनं आणि फीनंच ती भरते, मुद्दलाला जागा कुठाय? आणि मुद्दल म्हणजे तरी काय, महिन्याला दोनेक हजार.

म्हणून माझं मत असं होतं की सरकारनं ही मर्यादा वाढवावी, किमान सगळं व्याज धरावं. ऑफिसच्या डब्याच्या वेळी यावर मी बरंच बोलायचो.

मग फेब्रुवारी २०२५ चा अर्थसंकल्प आला, नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, पगारदारांना पावणेतेरा. माझा पगार त्याच्या वर, १५ लाख. आधीच्या वर्षी पगार १४ असताना दोन्ही प्रणालींत दोनेक हजारांचाच फरक होता, त्यामुळे सवयीनं जुनीच ठेवली होती. या वेळी कागद घेऊन बसलो. जुनी : १५ लाखांतून प्रमाणित वजावट (पगारदारांना सरसकट मिळते ती) ५० हजार, व्यवसाय कर २,५००, ८०सी दीड लाख, आरोग्य विमा २५ हजार, व्याज २ लाख. उपकरासह कर १,३९,६२०. नवी : १५ लाखांतून ७५ हजार, बाकी काहीही नाही. कर ९७,५००.

४२ हजारांचा फरक. चार वेळा गणित तपासलं नाही, बायकोनं एकदा तपासलं, ते पुरतं.

मग मी तो प्रयोग केला ज्यानं माझं डब्याच्या वेळचं भाषण बंद झालं. समजा सरकारनं माझं ऐकलं, मर्यादाच काढून टाकली आणि २०२५-२६ चं माझं सगळं व्याज, साधारण ३ लाख २० हजार, जुन्या प्रणालीत धरलं. तरी कर १,०७,१२० येतो. म्हणजे मागणी पूर्ण मान्य होऊनही नवी प्रणाली साडेनऊ हजारांनी स्वस्त. मर्यादा वाढवा ही मागणी माझ्यासारख्या पगाराला आता निरर्थक आहे. तेव्हा ती मी मागे घेतो.

राग मात्र गेला नाही, फक्त जागा बदलली. नव्या प्रणालीला माझं घर दिसतच नाही. माझ्याच पगाराचा, वडिलांच्या घरात राहणारा, हप्ता नसलेला सहकारी आणि मी, दोघांनाही ९७,५०० च. त्याला कमी कराचा फायदा द्यायला नको असं मी म्हणत नाही. पण घर घ्या, व्याजावर करसवलत आहे, हे दहा वर्षं आमच्या कानी-कपाळी ओरडून सांगितलं गेलं, २० वर्षांच्या कर्जावर सह्या घेतल्या गेल्या, आणि मधेच नियमांचा पट बदलला. शिवाय हेच घर मी भाड्यानं दिलं तर नव्या प्रणालीतही व्याज त्या भाड्यातून वजा होतं. स्वतः राहिलो तर नाही. मला वाटतं हा सगळ्यात वाईट भाग आहे.

व्यवसाय कराचं एक राहिलं. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. नव्या प्रणालीत तोही वजा होत नाही. म्हणजे जो पैसा हातात न येता राज्याकडे गेला त्यावर केंद्राला कर. माझ्या हिशेबानं वर्षाला ३९० रुपये. ठीक आहे, पुढे जातो.

शेजारच्या इमारतीतल्या एका काकांनी मुलाला सल्ला दिला होता की घर सुनेच्या एकटीच्या नावावर घे, मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचतो. वाचला, खरंच. पण हप्ते मुलाच्या पगारातून आणि मालकी त्याची नाही, त्यामुळे जुन्या प्रणालीत त्याला व्याजाची वजावट मागता येईना. आता तोही नव्या प्रणालीत गेल्यामुळे तो वाद आपोआप मिटला. कधी कधी असंही होतं.

अनपेक्षित चांगली गोष्ट एकच, तीही दिल्लीची नाही. पुणे महापालिकेची, स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरातली ४० टक्के सवलत. मध्यंतरी गेली होती, २०२३ मध्ये परत आली. पीटी-३ अर्ज भरून पुरावे जोडायचे. आमचा अर्ज कुठलीही कटकट न होता मंजूर झाला, पुढच्या बिलात रक्कम उतरली. महापालिकेबद्दल चांगलं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

परत कर्जाकडे. २०२५ मध्ये रेपो उतरत उतरत डिसेंबरला ५.२५ वर आला. माझा दर ७.९५. हप्ता तसाच ठेवला, त्यामुळे या वेळी ताणलेली मुदत उलटी आटायला लागली. शिल्लक हप्ते २३७. तो रकाना बघून पहिल्यांदा बरं वाटलं. मग हिशेब केला : आजवर भरले साडेपंधरा लाखांच्या आसपास, मुद्दल उतरलं दोन लाखांपेक्षा कमी. बरं वाटणं तेवढंच टिकलं.

त्याच आठवड्यात बँकेची जाहिरात पाहिली, नव्या ग्राहकांना ७.५० पासून. म्हणजे रेपो अधिक २.२५. मी जुना, वेळेवर भरणारा, मला २.७०. शाखेत म्हटलं, मलाही तेच द्या. उत्तर : "अर्ज करावा लागेल सर, आणि चार्जेस आहेत." दुसऱ्या बँकेत कर्ज नेतो म्हटल्यावर साहेब केबिनमधून बाहेर आले आणि चहा मागवला. शुल्क तरीही माफ झालं नाही. ०.४५ टक्क्याच्या फरकानं वर्षाला १७ हजार वाचतात, ५,९०० चार महिन्यांत वसूल होतात. न देणं मूर्खपणा होता. दिले. पण ते ९००!

आता स्थिती अशी. ७.५० नं, ३१,९५० च्याच हप्त्यावर शिल्लक साधारण २२०. नव्या प्रणालीत वाचलेले ४२ हजार म्हणजे महिन्याला साडेतीन हजार, ते फेब्रुवारीपासून जादा भरणार आहे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क बँकेला लावता येत नाही, एवढा नियम आपल्या बाजूचा आहे. तसं भरलं तर शिल्लक १८० च्या आत येते, मूळ कागदावरच्या मुदतीच्याही थोडं आधी. थोडक्यात सरकारनं सोडलेला पैसा जसाच्या तसा बँकेत जातोय. दिवाळीत फ्रिज बदलायचा विचार होता, तो जुनाच चालेल.

गुण द्यायचे तर नवी करप्रणाली साडेतीन, गृहकर्ज दोन, शाखेतला चहा चार.

दर कमी करण्याचा अर्ज देणार असाल तर महिना संपायच्या आत द्या, माझा अर्ज तीस तारखेला गेला म्हणून नवा दर एक हप्ता उशिरा लागला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या आणि नंतर सुधारित परतफेड तक्ता मागून घ्या. माझा अजून आलेला नाही.