शंभर, चारशे की हजार? सर्व्हेला किती घरं पुरतात

समजा, पुण्यात तयार भाजणीची पाकिटं बाजारात आणायची आहेत. हिशेब मांडून झालाय: माल पोचेल त्या भागातल्या निदान २५ टक्के घरांनी घेतली तर धंदा तगेल, त्याखाली तोटा. आता सर्व्हे करायचा, तर किती घरांना विचारायचं? एजन्सीवाले सहसा ‘चारशे’ सांगतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. उत्तरं निम्मी-निम्मी पडली तरी खरा आकडा ५ टक्क्यांपेक्षा जास्त इकडेतिकडे नसावा, आणि ही खात्री ९५ टक्के असावी, असं धरलं की सूत्रातून ३८५ निघतात. त्याचेच झाले चारशे. पण तुमच्या कामाला ते पुरतील की नाही, हे सूत्र सांगत नाही.

धरा, सर्व्हेत २८ टक्के घरं ‘घेऊ’ म्हणाली. एका मुलाखतीचा खर्च, हिशेबापुरता, २०० रुपये.

| घरं | खरा आकडा कुठे असू शकतो | खर्च |
|---|---|---|
| १०० | १९ ते ३७ टक्के | २० हजार |
| ४०० | २४ ते ३२ टक्के | ८० हजार |
| १००० | २५ ते ३१ टक्के | २ लाख |

शंभरांत काहीच ठरत नाही. चारशेंतही २५ची रेघ पट्ट्याच्या आतच राहते, म्हणजे ८० हजार घालून तुम्ही होतात तिथेच. हजारांत ती जेमतेम सुटते (पट्टा नेमका २५.२ पासून सुरू होतो). चूक निम्मी करायची, म्हणजे पट्टा अर्धा करायचा, तर माणसं चौपट लागतात, म्हणून पुढचा प्रत्येक टक्का महाग पडत जातो.

आता हेच उत्तर ६० टक्के आलं असतं तर? शंभर घरांतही पट्टा ५० ते ७० चा. २५ची रेघ कुठल्या कुठे राहिली. वरचे ६० हजार पॅकिंगवर घाला. म्हणून माझ्या मते आधी आपली रेघ ठरवावी, मग उत्तर तिच्या किती जवळ पडेल याचा अंदाज घ्यावा आणि सॅम्पलचा आकडा सगळ्यात शेवटी काढावा. (‘घेऊ’ म्हणणारे सगळे घेत नाहीत, हे दुकानदाराला सांगायला नको. रेघ थोडी वरच धरा.)

‘एवढं मोठं पुणं, चारशेत काय कळणार?’ ही शंका मात्र सोडून द्या. दहा हजारांच्या वस्तीला ३७०, लाखाला ३८३, त्यापुढे कितीही मोठं शहर असलं तरी ३८५च. एकूण संख्येचा फरक पडतो तो यादी छोटी असताना: तुमचे ५०० डीलर असतील तर २१७ पुरतात.

खरी फसगत होते ती गट पाडताना. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर मिळून चारशे घेतले की प्रत्येक शहराच्या वाट्याला शंभरच येतात, आणि शहरागणिक चूक दहा टक्क्यांच्या घरात जाते. मग ‘नाशिकला ५२ टक्के, कोल्हापूरला ४६’ अशा स्लाइडला अर्थ उरत नाही. दोन गटांत दोनदोनशे माणसं असली तरी दहा टक्क्यांच्या आतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. पाच टक्क्यांचा फरक खात्रीनं पकडायचा तर दर गटात दीड हजारांहून जास्त लागतात. इतका पैसा नसेल तर शहरं कमी करा. चार शहरांत शंभर-शंभर वाटण्यापेक्षा मी एकाच शहरात चारशे घेईन.

दुसरी गोष्ट एजन्सीला आवर्जून विचारा: माणसं कुठून आणणार? वीस सोसायट्यांत वीस-वीस घरं घेतली की कागदावर चारशे होतात. पण एका सोसायटीतली घरं उत्पन्नानं, खाण्यापिण्यानं एकमेकांसारखीच असतात. हे साम्य थोडंसंच असलं तरी त्या चारशेंची किंमत दोनशेंवर येऊ शकते. त्यापेक्षा ऐंशी सोसायट्यांत पाच-पाच घरं बरी. फिरणं वाढतं, पण माहितीही वाढते.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकून आलेली दोन हजार उत्तरं? ती वरच्या तक्त्यात बसतच नाहीत, कारण ती नीट निवडलेल्या घरांतून आलेली नसतात. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीककापणीच्या सर्वेक्षणांत दाखवून दिलं होतं, की शेतातले फार लहान तुकडे कापून मोजले तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण काठावरची रोपं आत धरली जातात. असे तुकडे कितीही वाढवले तरी फुगवटा कमी होत नाही. ओळखीपाळखीच्या ग्रुपचंही तेच. आणि प्रश्नच चुकला तरी संख्या कामाला येत नाही. नव्या चवीचा कोक १९८५ साली बाजारात आला तो जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन. ७९ दिवसांत कंपनीला जुना परत आणावा लागला. तिथे सॅम्पल कमी नव्हतं. लोकांना चव विचारली होती. जुना कोक बंद झाला तर काय वाटेल, हे चवीवरून कळणार नव्हतं.

तेव्हा भाजणीवाल्याला माझा सल्ला असा. पंचवीसेक घरांत प्रश्नावली चाचपून घ्या, ही उत्तरं मोजणीत धरू नका. मग नीट निवडलेली शंभर घरं. उत्तर १५च्या खाली किंवा ३५च्या वर आलं तर तिथेच थांबा. मधे आलं तर हजारांपर्यंत जायचं की बेत सोडायचा, हे पहिल्या मुलाखतीआधी कागदावर लिहून ठेवा. नाहीतर मनासारखा आकडा दिसेपर्यंत घरं वाढवत राहण्याचा मोह होतो, आणि तसं केलं की तक्त्यातला एकही पट्टा खरा राहत नाही.