आठ महिने ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ऐकल्यावर

गेल्या वर्षी घरामागच्या शेडमधले आमचे चारही माग विकले. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला मागाच्या खडखडाटात झोप लागते, शांततेत लागत नाही. पंधरा दिवस जागून काढले, तेव्हा मित्राने ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराचा 1978 सालचा हा अल्बम दिला. तेव्हापासून आठ महिने, जवळपास रोज रात्री ऐकतोय.

पहिल्या रात्री काहीच हाती लागलं नाही. पहिला तुकडा 17 मिनिटांचा. रॉबर्ट वायट या ब्रिटिश संगीतकाराच्या पियानोचे मोजके सूर फिरून फिरून येतात. समेची वाट बघावी तर समच नाही. इअरफोन लावून, कान टवकारून ऐकत होतो, तिथेच चुकलं. आता छोटा स्पीकर खिडकीत ठेवतो, आवाज पंख्यापेक्षा जरासाच वर. लक्ष दिलं तरी चालेल, नाही दिलं तरी चालेल, असंच संगीत ईनोला करायचं होतं.

दुसऱ्या तुकड्याने मात्र मला धरून ठेवलं. त्यात फक्त माणसांचे लांबवलेले ‘आ’कार. प्रत्येक सूर टेपच्या वेगळ्या वेटोळ्यावर, म्हणजे टोकं जोडून सतत फिरत ठेवलेल्या टेपवर: एक साधारण 23.5 सेकंदांनी परततो, दुसरा 26च्या आसपास, तिसरा 30च्या. त्यामुळे कधी ते एकमेकांवर येतात, कधी मधे मोठी पोकळी राहते. एकदा आप्पा दारात येऊन उभे राहिले. सगळी उमर माग चालवण्यात गेलेला माणूस. ऐकून म्हणाले, “एकाची चाल दुसऱ्याशी जुळेना बघ.” चार माग सुरू असले की हेच व्हायचं. ठोके हळूहळू जवळ सरकायचे, क्षणभर एक व्हायचे, पुन्हा फाटायचे. लहानपणी अंथरुणात पडून मी त्या क्षणाची वाट बघायचो.

तिसऱ्यात पियानो आणि ते आवाज एकत्र येतात. सगळ्यात उदास भाग हाच, आणि माझा सगळ्यात लाडका. चौथा सगळा सिंथेसायझरवर आहे. त्यात ना तार, ना श्वास. आठ महिन्यांतही तो जवळचा झाला नाही.

दुपारी लावू नका. कुकरच्या शिट्ट्या आणि रिक्षांच्या हॉर्नमध्ये काही उरत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर गायब होतात. आणि मधे जाहिरात येणार असेल तर ऐकूच नका, डाउनलोड करून ठेवा.

हल्ली जेवणं झाली की आप्पाच म्हणतात, “ते न जुळणारं लाव की रे.”