ट्राय बाइक घ्यावी का? सहा आठवडे चालवल्यावर माझं मत

गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 साठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीसाठी, ट्राय बाइक (अशा शर्यतींसाठीच बनवलेली सायकल) घ्यावी का, असं आम्हा कोल्हापूरकरांत दर मोसमात कुणीतरी विचारतंच. गेल्या वेळी माझ्याच उंचीच्या एका ताईंनी त्यांची कार्बनची ट्राय बाइक मला सहा आठवडे दिली आणि शर्यतही मी तिच्यावरच केली. त्याआधीची शर्यत माझ्या ट्रायबान आरसी 500 या रोड बाइकवर, हँडलला एअरोबार (कोपरं टेकून पुढे वाकायच्या दांड्या) जोडून केली होती.

मिरामारला 1.9 किलोमीटर पोहून झालं की पुढचे 90 किलोमीटर वाऱ्याशी आपलं आपणच भांडायचं. पुढच्या सायकलपासून 12 मीटर लांब राहावं लागतं, कुणाच्या आडोशाला जाता येत नाही. ताशी तीसच्या वेगाला आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेला जास्त आडवं येतं ते आपलं अंग, सायकल नव्हे.

रोड बाइकवर कोपरं टेकून वाकले की माझ्या मांड्या पोटाला लागायच्या, वीस मिनिटांत कंबर भरून यायची. ट्राय बाइकची सीटखालची नळी जास्त उभी असते. रोड बाइकची 73 अंशांच्या आसपास, तर हिची 76 च्या पुढे. बैठक पुढे सरकते आणि वाकूनही मांडी मोकळी राहते. सायकलच्या 90 किलोमीटरला 3 तास 14 मिनिटांवरून मी 3 तास 3 मिनिटांवर आले. त्याहून मोठं सुख धावताना मिळालं: सायकल ठेवल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर पाय लाकडासारखे व्हायचे, ते या वेळी झाले नाहीत.

सराव मात्र जिवावरचा होता. गगनबावड्याच्या रस्त्यावर एका गावाजवळ कुत्रं आडवं आलं, तेव्हा माझे हात आतल्या दांड्यांवर आणि ब्रेक बाहेरच्या हँडलवर. हात तिथे पोचेपर्यंत कुत्रं चाकाला घासून गेलं. गिअर दांड्यांच्या टोकाला, त्यामुळे चढावर उभं राहून मारताना गिअर बदलायचा तर आधी खाली बसा. करूळ घाट ओला असताना तिच्यावरून उतरायचं धाडस मी केलं नाही, तुम्हीही करू नका. गळीत सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमधून ही सायकल काढणं त्याहून अवघड. माझं वजन 52 किलो आहे. खोल (उंच कडेच्या) रिमला बाजूचा वारा लागला की पुढचं चाक हातात राहीना, म्हणून पुढे उथळ रिमचं चाक मागून आणलं.

वर्षाला एक शर्यत आणि बाकी घाट, ग्रुप राइड, बीआरएम (ठरल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) असं तुमचं असेल, तर रोड बाइकच ठेवा. 200 किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, तिथे अकरा मिनिटांनी काही अडत नाही. एअरोबार लावा, पण त्याआधी चांगल्या माणसाकडून फिटिंग करून घ्या, म्हणजे सायकल आपल्या अंगाच्या मापाला बसवून घ्या. माझ्या कंबरेचं निम्मं दुखणं सीटची उंची चुकल्याचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या वर्षी पूर्ण अंतराची आयर्नमॅन करायचं ठरवलंय, म्हणजे सायकलच 180 किलोमीटर आणि मग 42.2 धावणं. त्यासाठी मी सेकंडहँड ट्राय बाइक शोधतेय, लहान फ्रेमची. आरसी 500 विकणार नाही. सराव रस्त्यावर तिच्यावरच होईल, आणि ट्राय बाइक घरात ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल मारायच्या स्टँडवर) लागेल.