तंबू धबधब्यासमोर की मागे झाडीत?

कुटुंबासोबत निघताना तंबू कोणता घ्यायचा यावर खूप चर्चा होते, तो लावायचा कुठे यावर फारशी होत नाही. धबधबा असलेल्या जंगलात पर्याय साधारण दोनच: पाण्यासमोर मोकळ्यावर, किंवा दहा मिनिटं मागे झाडीत. आम्ही दोन्हीकडे राहिलोय. 'झाडीत' म्हटलं की पोरांची तोंडं वाकडी होतात, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही.

समोरच्या जागेचे फायदे उघड आहेत. पाणी हाताशी, उजेड उशिरापर्यंत, मुलांना 'कंटाळा आला' म्हणायला सवडच नाही. दमटपणाची तक्रार सगळे करतात, मला ती जरा वाढवून सांगितलेली वाटते. उघड्यावर तंबूच्या कापडातली उष्णता रात्री थेट आकाशाकडे निघून जाते, त्यात तुषारांची भर, म्हणून सकाळी कापड ओलं. झाडांखाली पानांचं छत ती उष्णता थोडी अडवतं, दंव कमी पडतं. पण खिडक्या उघड्या ठेवल्या आणि बाहेरचं कापड ताणून आतल्यापासून सुटं ठेवलं, की मोकळ्यावरही निभतं.

माझं मत फिरलं ते आवाजामुळे. हसाल, कारण तो ऐकायलाच तर आपण जातो. पहिला तासभर छान वाटतो. मग लक्षात येतं की आपण प्रत्येक वाक्य दोनदा बोलतोय. बायको स्टोव्हपाशी, मी तंबूच्या दोऱ्या ताणतोय, मध्ये जेमतेम पंधरा पावलं, आणि दोघांचं नुसतं 'काय?' 'काय?'. ओरडून सांगितलेलं साधं वाक्यही रागावल्यासारखं ऐकू येतं, धाकटी त्यावरून उगाच रडली. आईला एका कानाने कमी ऐकू येतं. ती संध्याकाळभर गप्प बसून होती. रात्री तर मुलांच्या तंबूची चेन उघडली तरी कळायचा मार्ग नाही. त्या आवाजात मोठ्यांना झोप गाढ लागते म्हणतात, लागत असेलही. मी मात्र दर थोड्या वेळाने टॉर्च मारून डोकी मोजत होतो.

आणि पाण्याचा भरवसा नसतो. वर डोंगरात पाऊस झाला तर इथे थेंबही न पडता ओढा फुगतो. पाणी गढूळ होणं, काटक्या-पाला वाहून येणं या त्याच्या खुणा, पण अंधारात त्या दिसणार कशा? काठापासून निदान 200 फूट लांब राहा असं सांगितलं जातं, ते मुख्यतः काठ आणि पाणी खराब होऊ नये म्हणून. तेवढं अंतर पाळलं तरी धबधबा मोठा असेल तर आवाज काही पाठ सोडत नाही.

झाडीचे त्रास वेगळे. पाण्याच्या फेऱ्या माराव्या लागतात. अंधार लवकर पडतो, मुंग्या-किडे जास्त, पाऊस थांबल्यावरही झाडं बराच वेळ गळत राहतात. एक गोष्ट मात्र टाळू नका: खुंट्या ठोकण्याआधी त्या जागी पाठीवर आडवं होऊन वर बघा. वाळलेली किंवा अडकून लोंबणारी फांदी दिसली तर जागा बदला, वारा नसला तरी. एवढं सोडलं तर माणसं माणसांसारखी बोलतात. आई तिथे खुलली, जेवणं झाल्यावर कितीतरी वेळ तिच्या गप्पा चालल्या होत्या.

दोघंच असाल, आभाळ स्वच्छ असेल आणि एकच रात्र काढायची असेल, तर समोरची जागा घ्या, मी अडवणार नाही. लहान मुलं किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर मी झाडीकडे झुकेन. धबधबा न्याहारीनंतर बघायला आहेच. अंतर नेमकं किती ठेवायचं? दोघांनी वीस पावलांवर उभं राहून नेहमीच्या आवाजात बोलून बघा. ऐकू आलं तर सामान उतरवा, नाहीतर अजून थोडं मागे सरका.